मालाआधी बिल्टी

पाचोऱ्यात माझ्या काकांचे किराण्याचे घाऊक दुकान आहे. साखरेचा किंवा तांदळाचा ट्रक दारात येऊन थांबला की ताडपत्रीला कोणी हात लावत नाही. आधी ड्रायव्हर खाली उतरतो, खिशातून घडी घातलेली बिल्टी काढतो आणि मुनीमजींच्या हातात देतो. माल कोणी पाठवला, कोणाला, किती नग, वजन किती, भाडे इथे द्यायचे की तिथेच भरले आहे, सगळे त्या एका कागदावर असते. मुनीमजी तो वाचतात, वहीत नोंद करतात आणि मगच हमालांना खूण करतात. पोते न उघडता पोत्याचे काय करायचे ते ठरवता यावे, यासाठीच तो कागद असतो.

इंटरनेटचा कारभारही असाच चालतो. मोबाइलवर एखादे पान उघडले की मोबाइल दूरच्या सर्व्हरला एक मागणी पाठवतो आणि सर्व्हर उत्तर पाठवतो. या देवाणघेवाणीची ठरलेली रीत म्हणजे एचटीटीपी. मागणी असो वा उत्तर, त्यातला खरा माल, म्हणजे पान, चित्र किंवा पीडीएफ, मागून येतो. त्याआधी छोट्या छोट्या ओळी येतात. प्रत्येक ओळीत एक नाव, मग विसर्गासारखी दोन टिंबे, मग मूल्य. या ओळींना हेडर म्हणतात. त्या संपल्या की एक कोरी ओळ येते आणि तिच्यापुढे माल सुरू होतो.

'होस्ट' हे हेडर सांगते की मागणी कोणत्या साइटसाठी आहे. 'कन्टेन्ट-टाइप' मालाचा प्रकार सांगते, 'कन्टेन्ट-लेंग्थ' त्याची लांबी बाइटमध्ये. 'ॲक्सेप्ट-लँग्वेज' मध्ये वाचणाऱ्याची भाषा असते. मराठीचा संकेत दोन रोमन अक्षरांचा, एमआर. मराठीत असेल तर उत्तम, नसेल तर हिंदी चालेल, तिची पसंती ०.८, तेही नसेल तर इंग्रजी, ०.५, अशी उतरत्या भाजणीची मागणी एका ओळीत लिहिता येते. आमच्याकडे अनेक घरांत अहिराणी बोलतात. तिलाही तीन अक्षरांचा संकेत आहे, एएचआर. तो चिठ्ठीत लिहायला कोणाची आडकाठी नाही. समोरच्या दुकानात तो माल असला पाहिजे, इतकेच.

गंमत अशी की सुरुवातीला ही बिल्टी नव्हतीच. १९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांच्या एचटीटीपीत मागणी म्हणजे एकच ओळ होती: 'गेट' हा शब्द आणि पुढे पानाचा पत्ता. उत्तरात थेट एचटीएमएल येई. सगळा माल एकाच प्रकारचा असताना कागद कशाला हवा? पण चित्रे आली, वेगवेगळ्या लिप्या आल्या, मधल्या मध्ये प्रती साठवून ठेवणारे सर्व्हर आले आणि मालाबरोबर माहिती पाठवणे भाग पडले. नमुना शोधायला लांब जावे लागले नाही. ईमेलच्या माथ्यावरच्या 'फ्रॉम', 'टू', 'सब्जेक्ट' या ओळींची रीत ऑगस्ट १९८२ च्या आरएफसी ८२२ या दस्तऐवजाने घालून दिलेली होती. वेबने तीच उचलली. मे १९९६ मध्ये एचटीटीपी १.० चे वर्णन करणारा आरएफसी १९४५ प्रसिद्ध झाला. त्यात आपण कोणत्या पानावरून आलो ते सांगणाऱ्या हेडरचे इंग्रजी स्पेलिंगच चुकले होते. चार 'आर' हवे होते, तीनच पडले. तोवर ते इतक्या ठिकाणी वापरात आले होते की दुरुस्ती करणे अधिक महाग पडले असते. आजही 'रेफरर' तीनच 'आर' घेऊन जगभर फिरतो आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमला या ओळी वाचून कुठेतरी नीट ठेवाव्या लागतात. पाहताक्षणी वाटते, यात काय अवघड? नाव आणि मूल्य, म्हणजे शब्दकोशच की. जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेत असा तयार शब्दकोश असतो. मीही तेच समजून चाललो होतो. पण हेडर हा शब्दकोश नाही, हे चार गोष्टींमुळे ध्यानात येते.

पहिली गोष्ट नावाची. 'कन्टेन्ट-टाइप' हे रोमन मोठ्या अक्षरांत लिहा, छोट्या अक्षरांत लिहा किंवा सरमिसळ करा, एचटीटीपीच्या लेखी ते एकच. देवनागरीत वाढलेल्या माणसाला हा प्रश्नच पडत नाही, आपला 'क' लहानमोठा होत नाही. साध्या शब्दकोशाला मात्र ती तीन वेगळी नावे वाटतात.

दुसरी गोष्ट अशी की एकाच नावाच्या अनेक ओळी येऊ शकतात. त्यांचा आपापसातला क्रम महत्त्वाचा असतो. वेगवेगळ्या नावांच्या ओळी मात्र मागेपुढे झाल्या तरी अर्थ बदलत नाही.

तिसरी गोष्ट दुसरीतूनच निघते. एकाच नावाच्या ओळी स्वल्पविरामाने जोडून एक ओळ करायला नियमाची परवानगी आहे, पण 'सेट-कुकी' हे हेडर त्याला अपवाद. कुकीमध्ये मुदतीची तारीख असते आणि त्या तारखेत वारानंतर स्वल्पविराम असतो. दोन कुक्या जोडल्या की कोणता स्वल्पविराम जोडाचा आणि कोणता तारखेचा, हे सांगता येत नाही.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. ही चिठ्ठी परक्याने लिहिलेली असते. तो भला असेल, घाईत असेल किंवा मुद्दाम खोड काढायला आलेला असेल.

मुनीमजींच्या गादीजवळ दोन वह्या असतात. किर्दीत व्यवहार घडला त्या क्रमाने उतरतो. खतावणीत प्रत्येकाच्या नावाचे पान असते आणि त्याचे सगळे व्यवहार त्या एका पानावर येतात. हेडर साठवण्याच्याही नेमक्या याच दोन पद्धती आहेत. सी भाषेत लिहिलेला एन्जिनएक्स हा प्रसिद्ध वेब सर्व्हर आलेल्या ओळी आल्या क्रमाने यादीत ठेवतो आणि नेहमी लागणाऱ्या हेडरांकडे बोट दाखवणाऱ्या खुणा वेगळ्या करून ठेवतो. ही किर्द, जागोजागी दोरा घातलेली. गो भाषा खतावणी पसंत करते: प्रत्येक नावापुढे मूल्यांची रांग आणि नाव ठरावीक मोठ्या-छोट्या अक्षरांत बसवून घेतलेले. किर्दीत मूळ क्रम टिकतो, पण शोधायला पाने उलटावी लागतात. खतावणीत शोध झटपट लागतो, पण नावानावांमधला मूळ क्रम हरवतो. तो हरवला तरी चालतो हे नियमानेच सांगितले असल्याने बहुतेकांनी खतावणीची बाजू घेतली.

मी माझा छोटा सर्व्हर रस्ट भाषेत लिहायला घेतला होता. काकांना दुकानाच्या पावत्या मोबाइलवर पाहता याव्यात, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. रस्ट ही सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगची भाषा. म्हणजे मेमरीतली प्रत्येक जागा कोणाच्या ताब्यात आहे आणि ती केव्हा मोकळी होणार, याचा हिशेब जिथे ठेवावाच लागतो अशा कामांची भाषा. ग्रेडन होर यांनी २००६ च्या सुमारास ती स्वतःच्या हौशीने सुरू केली, पुढे मोझिलाने हात दिला आणि १५ मे २०१५ रोजी तिची १.० आवृत्ती आली. सीमध्ये हा हिशेब प्रोग्रॅमरच्या डोक्यात असतो आणि डोके चुकते. जावासारख्या भाषांत मागून एक झाडूवाला फिरत असतो, तो नको असलेल्या जागा मोकळ्या करतो. रस्टमध्ये झाडूवाला नाही आणि विसरण्याची मुभाही नाही. तिथे मालकी आणि उसनवारीचे नियम आहेत आणि प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच कंपायलर ते तपासतो.

हे नियम खतावणीला लावून पाहिले की लगेच उमजतात. वही एकाच्या मालकीची. वाचायला ती एका वेळी कितीही जणांना उसनी देता येते. पण कोणी एक जण जरी तिच्यातल्या नोंदीवर बोट ठेवून बसला असेल, तर तोवर तिच्यात कोणीही लिहायचे नाही, मालकाने सुद्धा. कारण लिहिताना जागा अपुरी पडली तर अख्खी वही उतरवून नव्या वहीत घ्यावी लागते आणि जुन्या पानावर ठेवलेले बोट हवेत राहते. हवेतल्या त्या बोटामुळे सी भाषेतल्या प्रोग्रॅमांनी आजवर किती घरे बुडवली, त्याची गणती नाही. हेडरच्या संग्रहातून एक मूल्य वाचायला घेऊन त्याच दमात मी दुसरे हेडर घालायला गेलो, तेव्हा कंपायलरने मला अडवले. त्या रात्री मी त्याला शिव्या दिल्या. सकाळी त्याचे म्हणणे पटले.

रस्टच्या जगात एचटीटीपीसाठी सर्वमान्य झालेले 'एचटीटीपी' याच नावाचे एक ग्रंथालय आहे. २०१७ मध्ये ते आले. त्यातल्या हेडरांच्या संग्रहाला 'हेडरमॅप' म्हणतात. वर सांगितलेल्या चार अडचणींची चार उत्तरे त्यात दिसतात आणि प्रत्येक उत्तरात कोणीतरी बसून केलेला विचार आहे.

नावाचे उत्तर असे: नाव संग्रहात शिरतानाच छोट्या अक्षरांत उतरवले जाते. पुढे तुलना करताना लहानमोठ्याचा वाद उरत नाही. २०१५ च्या एचटीटीपी २ मध्ये तर नावे तारेवरूनच छोट्या अक्षरांत जावीत असा नियमच झाला. शिवाय 'होस्ट', 'कन्टेन्ट-टाइप' अशी नेहमीची नावे अक्षरांनी साठवलीच जात नाहीत. त्यांच्या जागी एक छोटा क्रमांक असतो. दुकानात रोज येणाऱ्या गिऱ्हाइकाचे पूर्ण नाव मुनीमजी तरी कुठे लिहितात? नवख्याचेच लिहितात.

अनेक मूल्यांचे उत्तर दोन वेगळ्या क्रियांत आहे. 'इन्सर्ट' म्हटले की त्या नावाची जुनी सगळी मूल्ये पुसली जातात आणि नवे एकटे बसते. 'अपेंड' म्हटले की जुनी राहतात आणि नवे त्यांच्या मागे लागते. हा फरक मी पुस्तकात वाचला होता, पण शिकलो काकांमुळे. माझा सर्व्हर दोन कुक्या देत असे: एक ओळख पटल्याची, एक भाषेची. दोन्ही मी 'इन्सर्ट' ने घातल्या. दुसरीने पहिलीला पुसून टाकले. काका पासवर्ड घालत, एक पावती पाहत आणि पुढच्या पावतीला पुन्हा दारात उभे. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, "काय भो, हे तुझं यंत्र दर वेळेला मलाच विचारतं, तुम्ही कोण! दुकान कोणाचं आहे?" एका शब्दाची चूक, आणि ती कंपायलरला दिसणारी नव्हती. मालकीचा हिशेब तो तपासतो. तुमच्या मनात बदलायचे होते की जोडायचे, हे तो कसे ओळखणार? 'कन्टेन्ट-टाइप' साठी 'इन्सर्ट' बरोबर, कारण मालाचा प्रकार एकच असतो. 'सेट-कुकी' साठी 'अपेंड' च हवे.

वाचतानाही हाच सावधपणा लागतो. 'गेट' ही क्रिया त्या नावाचे पहिले मूल्य तेवढे देते. सगळी हवी असतील तर 'गेट-ऑल'. आणि अख्खा संग्रह रिकामा करत एकेक नोंद बाहेर काढली, तर एका नावाच्या पहिल्या मूल्याबरोबर नाव मिळते, पुढच्या मूल्यांबरोबर नावाची जागा कोरी येते. पहिल्यांदा मला हा दोषच वाटला. मग मुनीमजींची वही आठवली. एकाच पार्टीच्या पाच नोंदी ओळीने असतील तर ते नाव एकदाच लिहितात आणि खाली नुसत्या रेघा ओढतात. वाचणाऱ्याने वरचे नाव लक्षात ठेवायचे. नाव पाच वेळा नकलून काढण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

आता या खतावणीच्या पोटात डोकावू, कारण खरी करामत तिथे आहे. हजारो मागण्या दर सेकंदाला येत असताना 'होस्ट' शोधायला प्रत्येक वेळी पूर्ण यादी धुंडाळणे परवडत नाही. म्हणून नावाच्या अक्षरांवरून गणित करून एक आकडा काढतात. त्याला हॅश म्हणतात. त्या आकड्याच्या खणात नोंदीचा पत्ता ठेवायचा. शोधतानाही तेच गणित, तोच खण. हेडरमॅपमधला असा प्रत्येक खण फक्त ४ बाइटचा असतो: २ बाइटमध्ये नोंद कुठे आहे ते, २ बाइटमध्ये हॅशचा तुकडा. तुकडा जुळला तरच खरे नाव तपासायला जायचे. खण इतके छोटे असल्यामुळे प्रोसेसरच्या अगदी हाताशी असलेल्या मेमरीत ते मोठ्या संख्येने मावतात.

पण दोन नावांचा आकडा एकच आला तर? दुसऱ्याने पुढचा रिकामा खण पाहायचा. यात एक अन्याय होतो. आधी आलेला आपल्या जागेवर आरामात बसतो आणि नंतर आलेला बिचारा खणामागून खण मागे टाकत लांब जाऊन बसतो. त्याला शोधायला दर वेळी तेवढेच चालावे लागते. १९८५-८६ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात पेद्रो सेलिस यांनी यावर एक तोड मांडली. तिचे नाव रॉबिन हूड पद्धत. नवा येणारा रांगेत पुढे सरकताना प्रत्येक बसलेल्याला विचारतो, "तू तुझ्या जागेपासून किती लांब आहेस?" बसलेला जवळचा आणि आपण लांबचे असू, तर त्याला उठवून आपण बसायचे, उठलेला पुढे जागा शोधतो. एसटीत असे होत नाही, झाले असते तर भांडणे कमी झाली असती की वाढली, कोण जाणे. पण खणांच्या बाबतीत याचा फायदा पक्का आहे. कोणीच फार लांब फेकला जात नाही आणि शोधणाऱ्यालाही अमुक खणापर्यंत नाव सापडले नाही म्हणजे ते नाहीच, असे लवकर कळते.

इथवर सगळे भल्या माणसांचे झाले. आता चौथी अडचण, परक्याची. हॅशचे गणित सर्वांना ठाऊक असेल, तर एकाच खणाकडे जाणारी हजारो नावे आधीच तयार करून ठेवता येतात. ती सगळी एकदम पाठवली की खतावणीची पुन्हा किर्द होते: प्रत्येक नव्या नोंदीसाठी सगळ्या जुन्या ओलांडायच्या. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनला भरलेल्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये अलेक्झांडर क्लिंक आणि युलियान व्हेल्डे यांनी हे प्रत्यक्ष दाखवले. वेब फॉर्ममधून आलेल्या नावांवर हीच युक्ती वापरून मोजक्या मजकुराने सर्व्हर गुदमरवता येतो, आणि तेही एका नव्हे, वेबवर चालणाऱ्या अनेक भाषांमध्ये. पुढच्याच वर्षी झाँ-फिलिप ओमासाँ आणि डॅनियल बर्नस्टाइन यांनी सिपहॅश मांडले. त्यात एक गुप्त किल्ली असते. ती यदृच्छेने निवडली की बाहेरच्याला खणाचा अंदाज बांधता येत नाही. तोटा एकच, ते जुन्या साध्या गणितांपेक्षा थोडे सावकाश चालते.

मग काय निवडायचे? रोजच्या साध्या गिऱ्हाइकासाठी वेग, की क्वचित येणाऱ्या दरोडेखोरासाठी बंदोबस्त? हेडरमॅप दोन्ही निवडतो, आणि त्याची रीत पाचोऱ्यासारख्या रेल्वे जंक्शनच्या गावात राहणाऱ्याला चटकन समजेल अशी आहे. त्यात धोक्याच्या तीन पायऱ्या आहेत, आणि कोडमध्ये त्यांची नावेच हिरवा, पिवळा, लाल अशी आहेत. सुरुवात हिरव्यात, साध्या आणि वेगवान एफएनव्ही हॅशने. एखादी नोंद घालताना ती आपल्या जागेपासून १२८ किंवा अधिक खण लांब गेली, किंवा तिच्यासाठी ५१२ वा त्याहून जास्त नोंदी पुढे सरकवाव्या लागल्या, की दिवा पिवळा होतो. पिवळा म्हणजे संशय, अजून आरोप नाही. पुढची नोंद घालायच्या वेळी हेडरमॅप पाहतो की एकूण खण किती भरले आहेत. पाचव्या हिश्शाहून जास्त भरले असतील तर ही खरी गर्दी. जागा दुप्पट करायची आणि दिवा पुन्हा हिरवा. पण बहुतेक खण रिकामे असूनही सगळे एकाच कोपऱ्यात दाटले असतील, तर हे कोणीतरी घडवून आणले आहे. दिवा लाल. तिथून पुढे गुप्त किल्लीचे सिपहॅश, आणि सगळ्या नोंदींची नव्याने मांडणी.

मला या रचनेतला शहाणपणा असा वाटतो की ती गर्दीला घाबरत नाही, विचित्र गर्दीला घाबरते. बाजाराच्या दिवशी दुकान भरले तर काका खूश असतात. रिकाम्या दुकानात चार जण एकाच गल्ल्यापाशी घुटमळले तर ते चष्मा पुसायला काढतात.

अर्थात दारावर वेगळी मोजणी असतेच. अपाची सर्व्हर मुळात एका मागणीत १०० हेडर आणि प्रत्येक हेडर सुमारे ८ हजार बाइट, एवढेच आत घेतो. खुद्द हेडरमॅपही ३२,७६८ च्या पुढे नोंदी वाढवत नाही. दारावरचा पहारेकरी एक, गोदामाची मांडणी दुसरी; एक डुलकी घेत असेल तेव्हा दुसरीने जागे असावे.

नावांचे झाले, मूल्यांचे राहिले. काकांचा दुसरा फोन पावतीच्या फाइलबद्दल होता. फाइलचे नाव मी 'पाचोरा' ठेवले होते आणि ते जसेच्या तसे हेडरमध्ये लिहिले होते. काकांच्या मोबाइलवर उतरले ते भलतेच: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', मग चलनाचे गोल चिन्ह, पुन्हा 'ए', पुन्हा गोल चिन्ह, आणि मध्येच एकदा जपानी येन. "पावती रुपयांची होती ना रे?" काकांनी विचारले.

त्या येनमागे मोठे सुंदर कारण आहे. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'पाचोरा' मध्ये प, काना, च, ओकाराची मात्रा, र, काना अशी ६ चिन्हे, म्हणजे १८ बाइट. प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो आणि पश्चिम युरोपच्या जुन्या लिपीसंकेतात तो वाचला तर तिरक्या रेघेचा 'ए' दिसतो. दुसरा बाइट देवनागरीच्या पहिल्या ६४ जागांसाठी एक आणि पुढच्या ६४ जागांसाठी त्याच्यापुढचा. पहिला म्हणजे गोल चलनचिन्ह, दुसरा म्हणजे येन. 'पाचोरा' मधले एकटे ओकाराचे चिन्ह त्या पुढच्या ओळीत पडते, म्हणून येनही एकच.

हेडरची मूल्ये मुळात इंग्रजी अक्षरांच्या जगात जन्मली. हेडरमॅप मूल्य बाइट म्हणून सांभाळतो, पण ते मजकूर म्हणून वाचायला मागितले आणि त्यात साध्या छापील इंग्रजी चिन्हांपलीकडचे काही निघाले, तर तो अंदाज बांधत नाही. सरळ चूक म्हणून परत करतो. फाइलच्या नावासाठी योग्य वाट वेगळी आहे: प्रत्येक बाइट टक्केचिन्ह आणि दोन अंकाक्षरे असा लिहायचा आणि आधी युटीएफ-८ असे सांगायचे. तशाने 'पाचोरा' ५४ चिन्हांचे होते, पण जगात कुठेही 'पाचोरा' म्हणूनच उतरते.

मूल्यात एक गोष्ट मात्र हेडरमॅप घालूच देत नाही: नवी ओळ. कारण हेडर ओळीने वेगळे होतात. मूल्याच्या पोटात कोणी नवी ओळ लपवली, तर तिच्यापुढचा मजकूर नवे हेडर बनून बाहेर पडतो. बिल्टीवर पत्ता सांगता सांगता कोणी मुनीमजींकडून 'भाडे मिळाले' असेही लिहून घ्यावे, तसे.

शेवटची गोष्ट गावाच्या स्टेशनची. पाचोरा जंक्शनवर मुंबई-भुसावळ मार्गाची रुंद ब्रॉडगेज आहे, आणि तिथूनच शेंदुर्णी, पहूरवरून जामनेरला जाणारी छोटी नॅरोगेज निघत असे. आम्ही तिला पीजे म्हणायचो. एकीच्या दोन रुळांत १,६७६ मिलिमीटर अंतर, दुसरीच्या ७६२. सुमारे शंभर वर्षे चाललेली ती गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती पुन्हा सुरू झाली नाही. मार्ग ब्रॉडगेज करण्याचे काम निघाले. जिथे गेज बदलते तिथे डबा पुढे जात नाही, माल उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावा लागतो. मालाची चिठ्ठी मालाबरोबर पुढे जाते. पण डब्याची चिठ्ठी डब्यासोबतच राहिली पाहिजे. ती चुकून पुढे गेली, तर छोट्या गाडीचा गार्ड मोठ्या गाडीचा हिशेब वाचत बसेल.

एचटीटीपीतही अशी जंक्शने असतात. मोबाइल आणि खरा सर्व्हर यांच्यामध्ये प्रॉक्सी उभा असतो. 'कन्टेन्ट-टाइप' ही मालाची चिठ्ठी. ती पुढे द्यायची. 'कनेक्शन' आणि 'ट्रान्सफर-एन्कोडिंग' या डब्याच्या चिठ्ठ्या. त्या फक्त एका टप्प्यापुरत्या. 'कनेक्शन' मध्ये आणखी काही नावे लिहिलेली असतील तर तीही याच टप्प्यावर काढून घ्यायची. हे काम संग्रह आपण होऊन करत नाही. त्याच्या लेखी सगळी नावे सारखी. कोणती चिठ्ठी कोणाची, हे प्रॉक्सी लिहिणाऱ्यानेच जाणायचे.

ते जाणले नाही तर काय होते, ते मी एका दुपारी मुनीमजींना सांगत होतो. कागदावर मराठीत एक खोटी मागणी लिहिली. 'कन्टेन्ट-लेंग्थ' म्हणून एक लांबी दिली, आणि खाली 'ट्रान्सफर-एन्कोडिंग' लिहून माल तुकड्यातुकड्यांत आहे, शेवटचा तुकडा आला की संपला, असेही लिहिले. प्रॉक्सी एकावर विश्वास ठेवतो, मागचा सर्व्हर दुसऱ्यावर. दोघांचा माल वेगवेगळ्या जागी संपतो आणि मधला उरलेला तुकडा दुसऱ्याच कोणाची मागणी बनून आत शिरतो. याला चोरटी मागणी म्हणतात, आणि तिने मोठमोठे सर्व्हर फसले आहेत.

मुनीमजींनी कागद हातात घेतला, दोन्ही ओळींवर बोट फिरवले.

"एका मालाची दोन वजनं?"

"हो."

"मग यात समजावण्यासारखं काय आहे? पोतं उतरवूच नको. गाडी परत पाठव."

जून २०२२ च्या आरएफसी ९११२ मध्ये अशी गाडी परत पाठवायची मुभा बऱ्याच लांब वाक्यांत दिली आहे. घरी गेल्यावर मी माझ्या प्रोग्रॅममध्ये दोन ओळी वाढवल्या: दोन्ही हेडर एकदम आले, तर उत्तर 'चुकीची मागणी' आणि दार बंद.